ऋण कोणाचे, कोणावर?

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात जो प्रसंग घडला, तो तेथे असलेल्या भगिनींना आठवत असेल. नावगाव सांगत नाही. एका घरची सून, लग्नाला सहा वर्षे झालेली, तिला कोणीतरी नेहमीच्या रीतीने विचारले, "काय गं, पेढे कधी?" मुलगी शांतपणे म्हणाली, "काकू, आम्ही दोघांनी ठरवलंय, मूल नको. दोघांच्या पगारात घराचा हप्ता आणि सासूबाईंची औषधं एवढंच बसतं. मुलाला जे द्यायला हवं ते देता येणार नसेल तर त्याला आणायचं कशाला?" वाणाची ताटे हातातल्या हातात राहिली. मग सगळ्याच एकदम बोलू लागल्या. त्यात मीही होते. मी म्हटले, "अगं, चोच देतो तो चाराही देतो." तेव्हा ती माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "काकू, मग तुम्हाला सातवीनंतर शाळेतून का काढलं?"

तिने खोचकपणे विचारले नाही. म्हणूनच ते लागले. उत्तर मला त्या वेळी सुचले नाही, आणि घरी आल्यावरही सुचले नाही. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा म्हटले, हाच विषय घ्यावा. आपल्या वाचनालयाच्या कपाटातील पुस्तके, मुलीची थोडी मदत आणि आपल्या आळीतील एका वकिलांनी समजावून सांगितलेले कायदे, एवढ्या भांडवलावर हा लेख लिहिला आहे. मी काही विदुषी नव्हे. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपल्याकडे मूल होणे ही आवडीची बाब कधीच मानलेली नव्हती. ते कर्ज होते. माणूस तीन ऋणे घेऊन जन्माला येतो असे वेदकाळापासून सांगितले आहे. ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फेडायचे. म्हणजे मूल झाले की बाप आपल्या बापाच्या कर्जातून मोकळा होतो. पण त्या मुलाचे आपण काय देणे लागतो, हे चौथे ऋण या हिशेबात नाही. लेकराला पोसावे, हे धर्मशास्त्र सांगतेच. परंतु कर्ज हा शब्द वडिलांकडे पाहून वापरलेला आहे, लेकराकडे पाहून नव्हे.

नुसते शब्दाचेच नाही, रोकड पैशाचेही तसेच होते. बापाने काढलेले कर्ज मुलाने, नातवाने फेडावे हे त्याचे पवित्र कर्तव्य मानीत. जुगाराचे, दारूचे असे गैरमार्गाचे कर्ज तेवढे सोडून. आणि आपल्या मुंबई इलाख्यात तर ही गोष्ट फार कडक होती. बापाने एक पैसा मागे ठेवला नसला तरी त्याचे कर्ज मुलाच्या बोकांडी बसे. इ. स. १८६६ मध्ये मुंबई सरकारने कायदा केला, तेव्हा कोठे असे ठरले की वारसाने जेवढी मिळकत घेतली असेल तेवढ्यापुरतेच कर्ज त्याने द्यावे. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. म्हणजे माझ्या पणजोबांच्या बापाच्या वेळेपर्यंत पाळण्यातले मूल हे सावकाराच्या दृष्टीने पुढचे ऋणको होते. सुपे गावी १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज काढून जाळले, त्यांतले कितीतरी कागद बापांनी केलेले आणि मुलांनी वाहिलेले असतील. मुलाने बापाचे कर्ज फेडण्याचे हे 'पवित्र कर्तव्य' कायद्यातून पुरते गेले ते थेट २००५ साली.

आता मुलाला जन्म द्यावा की नाही हे ठरविण्याचा अधिकार. तो बाईला नव्हताच. पण नको असलेले मूल मात्र बाईच्याच पदरी येई. बालविधवांचे हाल आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले; विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवून जावे किंवा घेऊन जावे, अशी सोय केली. पुढे १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला पोटचे मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्याच अब्रूवर लिहिणे सुरू झाले. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहून पुरुषांना जाब विचारला.

फुले दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते. जोतीरावांनी दुसरे लग्न करावे म्हणून घरच्यांनी आग्रह केला, तो त्यांनी मानला नाही. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेतले, त्याचे नाव यशवंत. आणि आता जी गोष्ट मला या सगळ्या वाचनात फार विलक्षण वाटली ती सांगते. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र केले. मिळकत यशवंताला ठेवली, पण नुसता मुलगा म्हणून नव्हे. तो शिकला नाही, दुर्गुणी निघाला तर त्याचा हक्क जाईल आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी दुसरा लायक मुलगा निवडावा, अशी अट घातली. पोटच्या पोरालाही आपण अशी अट घालायला धजत नाही, मग दत्तकाला तर लोक काय म्हणतील म्हणून मुळीच नाही. आमच्या शेजारणीला हे सांगितले तर ती म्हणाली, "फारच कडक माणूस." मला मात्र तसे वाटत नाही. घरदार, जमीन ही देणगी. शिक्षण हे देणे, असा फरक त्यांनी केला. यशवंत शिकून डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना त्याच्याच दवाखान्यात नेत होत्या, आणि त्यातच १० मार्चला त्या गेल्या.

यानंतर एका घराण्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगायची आहे, कारण आपला प्रश्न त्या एका घरात दोन पिढ्यांत दोन्ही बाजूंनी मांडला गेला.

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणानंतर वारल्या. मागे नऊ वर्षांचा रघुनाथ. १८९३ मध्ये अण्णांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच आनंदीबाई, सर्वांच्या बाया. १८९६ पासून अण्णांनी अनाथ बालिकाश्रम उभा केला. आपण त्यांचे चित्र भिंतीवर लावतो, हार घालतो. घरात पैसा कसा पुरत होता हे सहसा विचारीत नाही. साठवलेली पुंजी आश्रमाला, पुढे विम्याची पॉलिसीही आश्रमाला. बायांनी 'माझे पुराण' या पुस्तकात संसाराची ही ओढाताण मोकळेपणाने सांगितली आहे. चार मुलगे पदरात, आणि उद्या नवऱ्याचे काही बरेवाईट झाले तर विम्याचा आधारही नाही. अण्णांचा विचार असा की मुलांना शिक्षण द्यावे, पुढचे त्यांचे ते पाहतील. आश्रमाच्या मुलींना मात्र कोणीच नाही. हा विचार थोर आहे यात शंका नाही. पण हे पुस्तक वाचताना माझे मन प्रत्येक पानावर बायांकडेच गेले. थोर माणसाच्या थोरपणाचा खर्च घरातल्या डब्यातून होतो, हे आपल्याला कळते.

धाकट्या पिढीतही तसेच झाले. १९२८ साली अण्णांची सून इरावतीबाई जर्मनीला शिकायला निघाल्या तेव्हा स्त्रियांचे विद्यापीठ काढणाऱ्या सासऱ्यांची त्याला संमती नव्हती. पती दिनकरराव मात्र ठाम राहिले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि बाई गेल्या, पीएच.डी. होऊन परत आल्या. पुढे 'युगान्त' त्यांनीच लिहिले.

आता थोरला मुलगा रघुनाथ. जन्म १८८२ चा, मॅट्रिकला पहिला आलेला, गणिताचा प्राध्यापक. आईचे मरण लहानपणी पाहिलेले. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले. लंडनला मेरी स्टोप्स बाईंनी आपला दवाखाना काढला तोही १९२१ सालीच, म्हणजे आपण त्या बाबतीत विलायतेच्या मागे नव्हतो. १९२३ ला 'संततिनियमन' हे पुस्तक निघाले. ते विल्सन कॉलेजात शिकवीत होते. हा प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, असा प्रसंग आला आणि १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले, ते मरेपर्यंत म्हणजे १९५३ पर्यंत, सव्वीस वर्षे चालविले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

पण माझ्या विषयापुरती मोठी गोष्ट अशी की रघुनाथराव आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी स्वतः मूल होऊ न देण्याचे ठरविले, आणि तसे वागले. लोकांना उपदेश करून घरी पाळणा हलविला नाही. मालतीबाईंबद्दल फार थोडे लिहिलेले सापडते. मासिकाच्या कामात त्यांची साथ होती, पैशाची चणचण सोसली, १९४४ मध्ये त्या गेल्या. हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलावीत होते की नाही, बोलावले तर काय विचारीत होते, हे कोणत्याच पुस्तकात नाही. 'ध्यासपर्व' हा अमोल पालेकरांचा २००१ सालचा चित्रपट आहे, तो पाहताना मी सारा वेळ त्यांच्याकडेच पाहत होते.

रघुनाथरावांचे म्हणणे साधे होते. किती मुले, केव्हा, आणि मुळात हवे की नको, हे बाईच्या प्रकृतीवर आणि तिच्या मर्जीवर असावे. तिला ते ठरविण्याचे साधन मिळावे. हे आज कोणालाही पटेल. त्या काळी सनातनी तर सोडाच, सुधारकही दचकत. गांधीजींचे मत असे की संयम पाळावा, साधने वापरू नयेत. मार्गारेट सँगर या अमेरिकन बाई १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन त्यांच्याशी या विषयावर बोलल्या. दोघांचे जमले नाही. म्हैसूर संस्थानाने मात्र १९३० मध्येच सरकारी दवाखान्यांतून ही सोय केली होती. आणि पुण्यात रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई १९३८ पासून याच कामाला लागल्या. त्याही कर्व्यांच्या नात्यातल्याच.

त्याच १९३८ साली, १० नोव्हेंबरला, मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव श्री. रोहम यांनी मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ठराव नापास झाला. बाबासाहेब स्वतः आईबापांचे चौदावे अपत्य. त्यांना आणि रमाबाईंना पाच मुले झाली, त्यांतला एक यशवंतच जगला. बाकीची चार लहानपणीच गेली. राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. चार लेकरे पोचविलेल्या माणसाने ते भाषण लिहिले होते. 'चोच देतो तो चाराही देतो' हे वाक्य मी पुन्हा कोणाला ऐकवणार नाही, ते हे वाचल्यापासून.

इकडे मुलाच्या शिक्षणाचा खर्च हे देणे की उसनवार, याचाही वाद कोर्टात चालला होता. तो मला वकीलसाहेबांनी समजावून सांगितला, आणि तो फार मजेचा आहे. जुन्या हिंदू कायद्यात असे होते की एकत्र कुटुंबाच्या पैशावर मुलगा विशेष विद्या शिकला तर त्या विद्येची कमाई त्याची एकट्याची नाही, साऱ्या कुटुंबाची. पंजाबातील एका घराचा खटला १९२१ मध्ये लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मुलगा विलायतेला जाऊन सिव्हिल सर्व्हिसमध्ये शिरला होता. शिक्षण घरच्या पैशाने झालेले. तेव्हा त्याची कमाई एकत्र कुटुंबाची, असा निकाल झाला. म्हणजे बापाने फी भरली की मुलाचा जन्मभराचा पगार गहाण! यावर बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बिल आणले आणि १९३० मध्ये कायदा झाला की शिक्षण घरच्या पैशाने झाले एवढ्यावरून कमाई घराची ठरणार नाही, ती शिकणाऱ्याची स्वतःची. आईबापांनी शिकविले ते शिकविले. त्याची पावती फाडता येणार नाही, असा याचा अर्थ.

कायद्याने संपले तरी मनातून संपले काय? "तुझ्या शिक्षणाला एवढे लाख घातले" हे वाक्य लग्नाच्या बैठकीत, सुनेच्या पगारावरून होणाऱ्या भांडणात आपण ऐकतोच. हुंड्याला १९६१ पासून बंदी आहे, आणि तरीही मुलाचे शिक्षण व्याजासह वसूल करण्याची ती एक वाट आहेच.

स्वातंत्र्यानंतरचे थोडक्यात सांगते, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. १९५२ मध्ये सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्याला ६५ लाख रुपये ठेवले. लाल त्रिकोण, 'दोन किंवा तीन, पुरेत' ही पाटी आमच्या आयांच्या लहानपणीची. मग आणीबाणी. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या शस्त्रक्रियेचे बिल संमत केले होते, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. रघुनाथरावांनी ज्यासाठी नोकरी सोडली ती गोष्ट मर्जीची होती. सरकारने ती शिपायाच्या हाती दिली. त्या वर्षाची भीती आमच्या आजोळी पुष्कळ वर्षे होती. गावात जीप आली की पुरुष शेतात पळत, हे मामा हसत सांगत, पण ते हसण्यासारखे नव्हते.

आईबापांचे देणे काय, हे १९५६ च्या कायद्याने स्पष्ट लिहिले. अज्ञान मुलांचे पोषण आईबापांनी करावे. लग्न न झालेली मुलगी स्वतःचे भागवू शकत नसेल तर ती सज्ञान झाल्यावरही करावे. पोषणात अन्नवस्त्र, निवारा, औषधपाणी आणि शिक्षण. शिक्षण हा शब्द त्यात आहे, हे मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्याच वर्षीच्या वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबर वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मात्र महाराष्ट्रात १९९४ ला आणि साऱ्या देशात २००५ ला आला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. आम्ही पाच भावंडे. तीन बहिणी, दोन भाऊ. वडिलांची जमीन अडीच एकर. गावात सातवीपर्यंत शाळा. पुढची शाळा सात किलोमीटरवर, एस.टी.चा पास, गणवेश, पुस्तके. तो खर्च दोघांपुरता होता आणि ते दोघे कोण हे ठरविण्यासाठी कोणी बैठक घेतली नाही. वडील दुष्ट नव्हते. माझ्या सातवीच्या निकालाच्या दिवशी त्यांनी गूळ आणला होता. १९९९ मध्ये लग्न झाले; २००३ मध्ये वडील गेले; २००४ साली भावांनी तालुक्याला बोलावले आणि हक्कसोडपत्रावर आम्ही तिघींनी सह्या केल्या. दुपारी जेवण, प्रत्येकीला साडी. त्या वेळी महाराष्ट्राचा कायदा होऊन दहा वर्षे झाली होती, हे मला या लेखासाठी वाचताना कळले. सही करताना मला वाटत होते की नसलेला हक्क सोडते आहे. भावांवर राग नाही. धाकट्याच्या मुलीची फी भरताना त्याने तेच अडीच एकर गहाण टाकले, हेही लिहिले पाहिजे. कोणत्या अधिकाराने रागवायचे?

घरी आमची मुलगी यंदा बारावीला आहे. नर्सिंगला जायचे म्हणते. शैक्षणिक कर्जाचा अर्ज आणला तेव्हा यजमान म्हणाले, कर्ज तिच्या नावावर, ती नोकरीला लागली की फेडील. मी म्हटले, निम्मे आपण फेडायचे. का, म्हणून त्यांनी विचारले. मी जयकरांचे बिल सांगू लागले, तर ते हसून उठून गेले. पण अर्जावर सहकर्जदार म्हणून त्यांची सही आहे, आणि हप्त्यासाठी माझ्या भिशीचे पैसे मी वेगळे ठेवते आहे.

हा लेख लिहून झाल्यावर प्रथम त्या सुनेलाच वाचायला दिला. तिच्या संमतीशिवाय छापणे बरे नव्हते. तिने तो दोन दिवसांनी परत आणला, मालतीबाईंच्या परिच्छेदाजवळ पेन्सिलीची बारीक रेघ होती. म्हणाली, "छापा, काकू. पण एक सांगते. त्या दिवशी मी पैशाचं कारण सांगितलं, कारण तेवढंच तुम्हाला सगळ्यांना पटेल असं वाटलं. उद्या आमचे पगार वाढले, तरी आमचं ठरलंय तेच राहील."

वरची चार वाक्ये तिच्या सांगण्यावरून घातली आहेत.